हक्क आमचा, परवान्याचे पुस्तक कोणाचे?

‘मुक्त’ हा शब्द ऐकला की आपल्या सुशिक्षित समाजाचे अर्धे समाधान तेथेच होते. दाराला कुलूप नाही एवढे कळले की दार उघडे आहे असे आपण मानतो. आणि उघड्या दारातून कोणी आत आला नाही तर दोष न येणाऱ्याचा, असा निवाडा देऊन मोकळे होतो. ह्या निवाड्याविरुद्ध मला काही बोलावयाचे आहे. ज्या दारासंबंधी बोलणार आहे ते संगणकाच्या दुनियेतले आहे. पण तेवढ्यावरून वाचकाने पान उलटू नये. आपण फोनवर मराठी वाचता त्या मराठीतल्या अक्षरांचे वळण पुष्कळदा ह्याच दाराआड ठरते, आणि आपल्या गावाची पांदण नकाशावर कोणत्या नावाने असावी हेही तेथेच ठरते.

थोडी ओळख करून देणे भाग आहे. संगणकाकडून काम करवून घेण्यासाठी ज्या सूचना लिहाव्या लागतात त्यांची एक चोपडी असते असे समजा. बड्या कंपन्या ही चोपडी कुलुपात ठेवीत आल्या आणि तिच्या वापराचे भाडे घेत आल्या. १९८३ साली रिचर्ड स्टॉलमन ह्या अमेरिकन संगणकतज्ज्ञाने ह्या रिवाजाविरुद्ध बंड पुकारले. चोपडी वाचण्याचा, सुधारण्याचा आणि सुधारलेली प्रत वाटण्याचा हक्क वापरणाऱ्याला असला पाहिजे, असे त्याचे म्हणणे. १९९१ साली हेलसिंकीच्या लिनस टॉरवाल्ड्स ह्या विद्यार्थ्याने लिनक्सचा गाभा असाच उघड्यावर मांडला; आज आपल्या खिशातल्या अँड्रॉइड फोनच्या पोटात तोच गाभा आहे. २००१ साली विकिपीडिया निघाला, २००३ साली मराठी विकिपीडिया, आणि २००४ साली ओपन स्ट्रीट मॅप, म्हणजे लोकांनी लोकांसाठी काढावयाचा जगाचा नकाशा. फायरफॉक्स मराठीतून वापरता येतो तोही स्वयंसेवकांनी केलेल्या भाषांतरामुळे. ह्या सगळ्यांना मिळून मी येथे ‘मुक्त प्रकल्प’ म्हणणार आहे. जाणत्यांना ही ढिलाई खटकेल. ती त्यांनी सोसावी.

आता माझा अधिकार. मी कादंबऱ्या लिहितो, गोंडपिपरीच्या बाजूला पोरांना मराठी शिकवितो, आणि शिक्षण म्हणाल तर मॅट्रिक. अशा माणसाने ह्या विषयात तोंड का घालावे, असे कोणी विचारील. माझे उत्तर सोपे आहे. हे काम कोणीही करू शकतो, असे ह्या प्रकल्पांच्या पाटीवर त्यांनीच लिहून ठेवले आहे. ‘कोणीही’ ह्या शब्दात गोंडपिपरीचा मॅट्रिक मास्तर बसतो की नाही, एवढेच मला पाहावयाचे आहे.

प्रथम अक्षरांचे सांगतो, म्हणजे भांडण हवेतले नाही हे कळेल. मराठीत ‘दर्या’ म्हणजे समुद्र आणि ‘दऱ्या’ म्हणजे डोंगरांमधल्या खोल जागा. ‘आचार्यांना’ बोलावले तर व्याख्यान होईल, ‘आचाऱ्यांना’ बोलावले तर पंगत. हा जो पापणीसारखा अर्धा र आहे तो मराठीचा खास. हिंदीचे त्याच्यावाचून अडत नाही. संगणकावर देवनागरी बसविताना जेथे मराठी माणूस हजर नव्हता, किंवा हजर असून त्याला कोणाशी बोलावे हे माहीत नव्हते, तेथे हा र बुडाला, आणि ‘दुसर्या’, ‘बिचार्या’, ‘वापरणार्यास’ अशी भुते पडद्यावर नाचू लागली. तीच गोष्ट ल आणि श ह्यांची. मराठी वळणाचा ल निराळा, हिंदी वळणाचा निराळा. महाराष्ट्र शासनाने ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयाने मराठी वर्णमालेतील ही वळणे नक्की केली. परंतु मंत्रालयाने निर्णय काढला म्हणून फोन काही तो ऐकत नाही. माझ्या वर्गातली मुले पुस्तकात एक ल पाहतात आणि फोनवर दुसरा. पहिलीतले पोर विचारते, कोणता खरा? दोन्ही खरे असे सांगितले तर त्याला मास्तरच खोटा वाटतो.

आता, हा टंक जर एखाद्या कंपनीच्या कुलुपातला असता तर प्रश्नच मिटला असता. रडत बसलो असतो. पण ह्यांतले कितीतरी टंक मुक्त आहेत. मुंबईच्या एक टाइप ह्या मंडळींचा ‘मुक्त’ नावाचाच देवनागरी टंक कोणालाही घेता येतो, पाहता येतो, सुधारता येतो. म्हणजे कायद्याने पाहिले तर आमच्या पोरांच्या हातात लेखणी आहे. भांडण येथूनच सुरू होते.

आमच्या शाळेतल्या एका मुलीने, दहावीतल्या, एका मुक्त प्रकल्पाच्या मराठी भाषांतरात असे बुडालेले अर्धे र शोधून काढले. एक नाही, चाळीसच्या वर. प्रकल्पाचे नाव मी सांगत नाही. सांगण्याने काही साधणार नाही, कारण ही कहाणी एकाची नाही. पोरीने दोन रविवार घालवले, प्रत्येक चूक आणि तिची दुरुस्ती वहीत लिहिली, मग गावातल्या एका मुलाच्या संगणकावरून त्या प्रकल्पाने सांगितलेल्या जागी आपला अर्ज ठेवला. इंग्रजीत दोन वाक्येही लिहिली. ती मी तपासली नाहीत, कारण तिचे इंग्रजी माझ्याहून बरे आहे. तीन आठवडे काही नाही. मग एका सद्गृहस्थांचे एका ओळीचे उत्तर आले. त्याचा मथितार्थ, ‘हे अपस्ट्रीम पाठवावे.’ बस.

अपस्ट्रीम म्हणजे शब्दकोशात नदीच्या वरच्या अंगाला. आमचा तालुका वर्धा आणि वैनगंगा ह्या दोन नद्यांच्या बेचक्यात आहे. खाली दोघी मिळतात आणि प्राणहिता होतात. पोरगी वही घेऊन माझ्याकडे आली आणि म्हणाली, “सर, वरच्या अंगाला म्हणजे कुठं जी? वर्धेच्या का वैनगंगेच्या? भंडाऱ्याले पाठवू का?” वर्ग हसला, मीही हसलो. पण तिच्या प्रश्नाचे उत्तर माझ्यापाशी नव्हते, आणि त्या उत्तर देणाऱ्या गृहस्थांनी दिले नव्हते. तिने त्यांना उलट विचारले. त्यावर उत्तर आले नाही. पुढे दोन महिन्यांनी एका यंत्राने, माणसाने नव्हे, हालचाल नसल्यामुळे हे प्रकरण बंद करीत आहोत असे कळविले. पोरीने वही ठेवून दिली. ते चाळीस र अजून बुडालेलेच आहेत.

ह्या कहाणीत दुष्ट माणूस कोणी नाही, आणि माझा मुद्दा नेमका तोच आहे. तिची दुरुस्ती चूक होती असे कोणी म्हटले नाही. ती घ्यावयाची नाही असेही कोणी ठरविले नाही. मागाहून मला कळले की ‘अपस्ट्रीम’चा अर्थ अगदी शहाणा आहे. मूळ चोपडी एके ठिकाणी लिहिली जाते; तेथून इतर मंडळी ती उचलतात, आपापल्या परीने बांधतात आणि वाटतात. दुरुस्ती जर मधल्या वाटणाऱ्याकडे केली तर पुढच्या खेपेला मुळातून तीच चूक पुन्हा वाहत येईल. म्हणून दुरुस्ती उगमापाशी करावी. ह्याहून सयुक्तिक नियम नसेल. शेतात पाणी तुंबले तर माणूस वरच्या बांधाकडे जातो, हे आमच्या पोरीला शिकवावे लागत नाही. मग तिला एवढे सांगावयास काय हरकत होती? उगम कोठे आहे, तेथे कोण बसते, ते किती दिवसांत पाहतात, आणि नाही म्हणाले तर कोणाकडे दाद मागावयाची, ह्या चार गोष्टी. नियम शहाणा होता. तो माहीत असलेल्यांच्या पोटात होता.

काही वाचक म्हणतील, मास्तर, तुम्ही राईचा पर्वत करता. एक मुलगी परत गेली, जग बुडाले नाही. तर मोठ्या घरचा दाखला देतो. इंग्रजी विकिपीडियावर नियमाने लिहिणाऱ्यांची संख्या २००७ साली कळसाला पोहोचली आणि तेथून उतरू लागली. का उतरली, ह्याचा शोध ॲरन हाफेकर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी घेतला. त्यांचा निबंध २०१३ साली प्रसिद्ध झाला. भल्या हेतूने येणारे नवे लोक कमी झाले होते असे त्यांना आढळले नाही. आढळले ते असे की, अशा भल्या नवागतांचे लिखाण झटपट उलटवून टाकण्याचे प्रमाण वाढले होते, ते काम पुष्कळसे यंत्रवजा साधनांनी होत होते, आणि नियमांची भिंत इतकी घट्ट झाली होती की नव्याला तिच्यातली वीटही हलविता येत नव्हती. नवागतांना चावू नका, असा एक नियम त्याच विकिपीडियाने लिहून ठेवला आहे. घरात चावण्याची सवय नसती तर अशी पाटी लावावी लागली नसती. त्यांना दुखणे कळले हे खरे. २०१२ साली नव्यांसाठी त्यांनी चहाघर नावाची विचारपूस करण्याची जागा काढली, आणि पुढे नव्या माणसाला सोपी कामे आणि एक वाटाड्या देण्याची सोयही केली. म्हणजे रोग माझ्या कल्पनेतला नाही. वैद्यांनी तो मान्य करून औषध सुरू केले आहे.

आता मी वाचकाला संगणकापासून जंगलात नेतो. हे विषयांतर वाटेल, पण ह्या प्रश्नाचे उत्तर मला तेथे सापडले.

गडचिरोली जिल्ह्यात धानोरा तालुक्यात मेंढा (लेखा) हे गाव आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ साली ह्या गावाला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. हक्काचा कागद हातात आला. कायद्यात बांबू हे गौण वनोपज आहे असे स्पष्ट लिहिले होते; म्हणजे तोडावा, विकावा, कोणाची हरकत नाही. परंतु बांबू गावाच्या शिवेबाहेर न्यावयाचा तर वाहतूक परवाना लागतो, आणि त्या परवान्यांचे पुस्तक वनखात्याच्या टेबलावर. खात्याने परवाना द्यावयाचा नाही असे धोरण धरले. हक्क गावाचा, बांबू गावाचा, कायदा गावाच्या बाजूचा. आणि बांबू जागच्या जागी. शेवटी २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय वनमंत्री जयराम रमेश स्वतः मेंढ्याला आले आणि परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती देण्यात आले. त्या दिवसापासून त्या हक्काला हक्क म्हणावे. २००९ ते २०११ ह्या काळात तो होता असे वकील म्हणतील, बांबूला विचारा.

मुक्त प्रकल्पांचा जो परवाना आहे, ज्याच्याबद्दल त्यांना एवढा अभिमान आहे, तो म्हणजे २००९ चा कागद. वाचा, बदला, वाटा, तुमचा हक्क आहे. तो कागद थोर आहे. स्टॉलमनला मी नमस्कार करतो. पण बदल मुळात जाऊन बसावा, चाळीस र खरोखरच तरावेत, ह्यासाठी जे पुस्तक लागते ते वेगळे आहे. कोणाला विचारावे, कोणत्या शब्दांत विचारावे, कोणत्या खोलीत निर्णय होतो, कोण हो म्हणाले म्हणजे झाले, हे ते पुस्तक. ते कुलुपात नाही हे मी मान्य करतो. ते कोठेच नाही. दहा-पंधरा जुन्या माणसांच्या डोक्यात आहे, आणि त्यांना वाटते की ते हवेतच आहे, सर्वांना श्वासाबरोबर मिळते.

जो फ्रीमन ह्या अमेरिकन बाईंनी १९७० च्या सुमारास स्त्रीमुक्तीच्या मंडळांविषयी जे लिहिले ते येथे आठवते. आमच्यात पुढारी नाही, रचना नाही, सगळे समान, असे म्हणणाऱ्या गटात रचना असतेच. फक्त ती उघड नसते, आणि ज्यांना ती ठाऊक असते त्यांच्या हाती सत्ता राहते, असा त्यांचा निष्कर्ष. बाईंच्या डोळ्यांपुढे संगणक नव्हता. तरी आमच्या पोरीची वही त्यांना लगेच समजली असती.

ह्याच्या उलट आमच्या तालुक्यातले पाचगाव पाहा. २०१२ साली ह्या लहानशा गावाला हजारएक हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला. त्यानंतर गावाने पहिले काम काय केले? बसले आणि नियम ठरविले. बांबू कसा तोडावा, राखण कोणी करावी, चुकले तर काय. असे शंभराहून अधिक नियम ग्रामसभेने चर्चा करून केले आणि लिहून ठेवले. त्यांतला एक तर पैशाच्या विरुद्ध जाणारा. तेंदूपानाचा हंगाम म्हणजे ह्या भागात रोख पैशाचा हंगाम. पण पाने चांगली फुटावीत म्हणून झुडपे छाटतात, जंगलाला आगी लागतात, आणि तेंदूचे फळ माणसाच्या आणि पाखरांच्या तोंडचे जाते, म्हणून पाने तोडावयाची नाहीत असे गावाने ठरविले. मला ह्या ठिकाणी नियमाचा कडकपणा दाखवावयाचा आहे. मुक्तपणा म्हणजे ढिलाई, असे जे समजतात त्यांनी पाचगावात कुऱ्हाड घेऊन जाऊन पाहावे. पण तो कडक नियम कारणासह ठरला, सर्वांसमक्ष ठरला, आणि लिहिला गेला. त्या गावात सून म्हणून आलेल्या मुलीला तेंदू का तोडीत नाहीत हे कोणालाही विचारता येते, आणि ज्याला विचारील तो सांगू शकतो.

मेंढ्याला आणखी एक चाल आहे. निर्णय ग्रामसभेत, तोही सर्वसहमतीने. परंतु त्याच्या आधी अभ्यासगट. तेथे विषय फोडून समजून घेतात, बाहेरचा माणूस येऊन बसला तरी चालतो, आणि अडाण्याने अडाण्यासारखा प्रश्न विचारला तर त्याची लाज नाही, कारण ती जागाच त्यासाठी आहे. समजून घेण्याची जागा आणि ठरविण्याची जागा ह्या दोन वेगळ्या ठेवणे, ही युक्ती मला फार मोलाची वाटते. मुक्त प्रकल्पांत बहुधा ह्या दोन्ही एकाच ओसरीवर भरतात. नवा माणूस समजण्यासाठी प्रश्न विचारतो आणि जुना माणूस तो निर्णयाचा अर्ज समजून फेटाळतो.

आता आक्षेपांकडे वळतो. ते खोटे नाहीत.

पहिला आक्षेप असा की ही कामे करणारे लोक बिनपगारी आहेत, थकलेले आहेत. प्रत्येक नव्याचे बोट धरून चालविण्यास त्यांना वेळ नाही. मान्य. मी बोट धरावयास सांगतच नाही. जो प्रश्न शंभर जण विचारतात त्याचे उत्तर एकदा लिहून दारावर लावावे, म्हणजे नव्याण्णव वेळा थकावे लागत नाही. शाळेत आम्ही वेळापत्रक भिंतीवर लावतो ते मुलांवर उपकार म्हणून नव्हे. नाहीतर दर तासाला साठ मुले येऊन विचारतील म्हणून.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. वाट सोपी केली की चोरही त्याच वाटेने येईल. आणि चोर आला होता, हेही खरे. एक्सझेड नावाची एक लहानशी आज्ञावली आहे. जगातल्या असंख्य लिनक्स यंत्रांत ती मुकाट्याने काम करते. तिचा राखणदार जवळजवळ एकटा, आणि दमलेला. ‘जिआ तान’ ह्या नावाने कोणी एक नवागत आला, दोन वर्षांहून अधिक काळ सज्जनपणे काम करीत राहिला, विश्वास मिळवून चाव्या मिळविल्या, आणि आत चोरदरवाजा बसविला. मार्च २०२४ च्या अखेरीस आंद्रेस फ्रॉइंड ह्या गृहस्थांना आपल्या यंत्रात शिरताना अर्धा सेकंद जास्त लागतो असे जाणवले, त्यांनी माग काढला, म्हणून अनर्थ टळला. पण ह्या गोष्टीचे तात्पर्य आक्षेपक काढतात त्याच्या अगदी उलट आहे. त्या चोराला रीतिरिवाज समजत नव्हते म्हणून तो अडला का? त्याला तर ते सर्वांहून चांगले समजत होते. शब्द बरोबर, पद्धत बरोबर, नम्रता बरोबर. न लिहिलेल्या नियमांची गाळणी ही अशी उलटी आहे. ज्याला दोन वर्षे दबा धरून बसावयाचे आहे तो तिच्यातून आरपार जातो, आणि जिच्यापाशी फक्त दोन रविवार आहेत ती अडकते. शिवाय, नवे भले लोक दारातच गळाले नसते तर तो राखणदार एकटा आणि दमलेला राहिला असता का, हाही हिशोब मांडून पाहावा.

तिसरा आक्षेप आपल्याच लोकांचा, आणि त्याचा मला खरा राग आहे. इंग्रजी शिका म्हणजे सगळे समजेल! आमच्या पोरीला इंग्रजी येत होते म्हणूनच ‘अपस्ट्रीम’ वाचून ती नदीवर गेली. ‘फोर्क’ म्हणजे जेवणाचा काटा, ‘पुल’ म्हणजे ओढणे, ‘इश्यू’ म्हणजे बाळंतपणाच्या कागदावर अपत्य. हे तिला ठाऊक आहे. लंडनच्या पोराचीही पहिल्या दिवशी हीच गत होत असणार. ओपन स्ट्रीट मॅपचे उदाहरण तर नामी आहे. त्या नकाशात रस्ता कोणताही असो, त्याचे मूळ खाते ‘हायवे’. मुंबई-पुण्याचा सहापदरी मार्ग हायवे, आमच्या टोल्याकडे जाणारी बैलगाडीची पांदण हायवे, आणि मोहफुले वेचावयास जाणाऱ्या बायांच्या पायांनी पडलेली जंगलातली पायवाट, तीही हायवेच. पोटात मग लिहावयाचे की ही पायवाट. हे एकदा समजले की मुले हसत हसत कामाला लागतात. न समजले तर आपल्या गावाला हायवे नाही असे प्रामाणिकपणे ठरवून नकाशा मिटवितात.

आणि ‘मराठीत आणा’ म्हणणाऱ्या आम्हा मराठीच्या अभिमान्यांनी तरी काय केले? बहुतेक वेळा इंग्रजी काटेरी शब्दाच्या जागी संस्कृत काटेरी शब्द लावला. पोरगी अपस्ट्रीमला अडखळली तर आम्ही तिला ‘ऊर्ध्वप्रवाह’ देऊ आणि भाषेची सेवा केली म्हणून सत्कार घेऊ. शब्द दिला म्हणजे वाट दाखविली असे नव्हे. मराठी विकिपीडियाच्या जुन्या मंडळींना एका गोष्टीबद्दल मी मनापासून दाद देतो. नव्याने हात बसविण्याच्या पानाला त्यांनी ‘धूळपाटी’ म्हटले, आणि सर्वांनी जमून बोलण्याच्या जागेला ‘चावडी’. धूळपाटी म्हणजे फळीवर धूळ पसरून तिच्यावर बोटाने अक्षरे गिरवावयाची आणि चुकले की हाताने पुसून टाकावयाची, ही आपल्या पंतोजींच्या शाळेतली वस्तू. चुकण्याची परवानगी त्या शब्दातच आहे. ‘चावडी’ म्हटले की कोणीही जाऊन बसावे हे सांगावे लागत नाही. असे दोन शब्द दोनशे पारिभाषिक शब्दांना भारी आहेत. ‘फोर्क’ला मी वर्गात ‘वहीत उतरवून घेणे’ म्हणतो. जाणते सांगतात की भांडून वेगळी चूल मांडण्यालाही फोर्कच म्हणतात. मग तर दोन शब्द हवेतच, नाहीतर पोर वहीत उतरवून घ्यावयास घाबरेल, घर फोडल्याचा आळ येईल म्हणून.

सरकारी आणि विद्यापीठी पातळीवर काहीच होत नाही असे मी म्हणणार नाही. मुंबईच्या आय.आय.टी.ने स्पोकन ट्युटोरियल ह्या नावाने मुक्त आज्ञावल्यांचे लहान लहान पाठ केले, आणि त्यांतले कितीतरी मराठी आवाजात आहेत. खेड्यातल्या पोराला एकट्याने ऐकून शिकता येईल असे ते पाठ आहेत. काम चोख आहे. परंतु भर वापरण्यावर आहे. लिब्रऑफिसमध्ये पत्र कसे लिहावे हे पोर शिकते. लिब्रऑफिसमधला मराठी शब्द चुकला तर तो कोण बदलतो, आणि तो बदलणारा मी होऊ शकतो का, ही इयत्ता पुढची आहे. जंगलात जाऊन मोहफुले कशी वेचावी हे शिकविणे आणि ग्रामसभेत कसे बोलावे हे शिकविणे ह्यांत जेवढे अंतर, तेवढे हे.

मग मागणी काय? फार नाही. जो प्रकल्प स्वतःला मुक्त म्हणवितो त्याने कागदाचे एक पान लिहावे. लिनक्सच्या गाभ्यासाठी २००४ पासून प्रत्येक बदलाखाली करणाऱ्याने सही करावयाची असते, हे काम माझे आहे आणि ते देण्याचा मला हक्क आहे अशी. तो नियम कडक आहे, पण लिहिलेला आहे आणि त्याचे कारणही लिहिलेले आहे. तसे पान हवे. त्यावर कोण ठरवितो त्याचे नाव असावे. साधारण किती दिवस लागतात ते असावे, मग ते नव्वद का असेनात; नव्वद दिवस थांबण्याची आमची तयारी आहे, तलाठ्याने आम्हाला तेवढे शिकविले आहे. नाकारले तर कारण एका पूर्ण वाक्यात असावे. आणि जुनी दहा प्रकरणे नमुन्यादाखल उलगडून दाखवावीत; हा अर्ज असा आला, ह्याने असे म्हटले, त्याने तसे सुचविले, शेवटी असे ठरले. आमची पोरे नियम वाचून फारसे शिकत नाहीत. गोष्ट ऐकून शिकतात. मी कादंबरीवाला आहे म्हणून असे म्हणतो असे वाटल्यास म्हणा. पण न्यायालयातला नवा वकीलसुद्धा कायद्याच्या पुस्तकाने तयार होत नाही, जुने खटले वाचून होतो.

हे पान लिहिण्याचे काम जुन्यांनीच केले पाहिजे असेही नाही. किंबहुना जुन्यांना ते साधणारच नाही. जो रोज त्या वाटेने जातो त्याला तीतला खड्डा दिसत नाही. ते नुकत्याच ठेचाळलेल्याने लिहावे आणि जुन्याने फक्त तपासावे. म्हणून आमच्या दहावीच्या वर्गाने उन्हाळ्यात एक खटाटोप केला. ती वही काढली. त्या प्रकल्पाचा उगम कोठे आहे हे पोरीने आणि तिच्या मैत्रिणींनी शोधून काढले. त्याला अकरा दिवस लागले. शोधताना जे जे विचारावे लागले आणि जे जे कळले ते त्यांनी मराठीत, आमच्या बाजूच्या बोलीत, दोन पानांत लिहिले. ‘अपस्ट्रीम’खाली वैनगंगेचे चित्र आहे, भंडारा वर, आष्टीचा पूल खाली, आणि बाण उलट्या दिशेने. चाळीस अर्धे र आणि ही दोन पाने, असा एकत्र अर्ज आषाढात योग्य त्या जागी गेला आहे. त्यावर एका अनोळखी माणसाने, बहुधा मराठी येत नसलेल्या, विचारले आहे की ह्या चित्रातली नदी कोणती. पोरींनी नाव कळविले आहे. त्यापुढे अजून काही आलेले नाही.